लादी

वसुबारसेला सहनाचा फोन आला, बैलहोंगलाहून:
"मामा, चकली नको, करंजी नको.
पिझ्झा कर. भाज्यांचा. तूच केलेला."
मी म्हटलं, बरं.
फोन ठेवला आणि कट्ट्यावर बसून राहिलो
बराच वेळ.

सदतीस वर्षं भट्टीपाशी काढली,
खानापूरच्या लाल मातीची कौलं केली, लाद्या केल्या,
आच किती ते नुसत्या डोळ्यानं सांगायचो.
पण मैदा?
मळायला घेतल्यावर कळलं, माती बरी.
माती सांगितलेलं ऐकते.
हे पीठ बोटांना धरून बसलं
मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखं.

यीस्टची पुडी मिळाली कॅम्पातल्या बेकरीत.
गल्ल्यावरचा म्हातारा म्हणाला,
ऊब दे, हलवू नको,
मधेच झाकण काढून बघू नको.
मी तीनदा बघितलं.

ढबू मिरची कडोलीची, कांदा, मक्याचे दाणे.
टोमॅटोत ब्याडगी उकळून वाटली,
म्हणजे रंग येतो आणि तिखट डोक्यात जात नाही.
चीज किसताना बोटाचं सालटं गेलं,
ते काही मोजलं नाही.

ओव्हन कुठला? एकट्या माणसाचं घर,
दोन पातेली, एक तवा.
न्हाणीपाशी एक लादी पडून होती,
कारखाना बंद पडला त्या दिवशीची, शेवटच्या खेपेची.
इतकी वर्षं तिच्यावर मी टाचा घासल्या.
आता तिलाच घासली, दोन दिवस उन्हात ठेवली,
चुलीवर चढवली,
वर पालथं घमेलं, घमेल्यावर निखारे.
कुंपणापलीकडून अनसूया ओरडली,
"काय करूलालास रे परशा? घरात कौलं भाजूलालास काय?"

पहिला जळला.
खालून कोळसा, वरून कच्चा.
कुत्र्यानं हुंगला आणि आपल्या वाटेनं गेलं.
दुसऱ्याला घाई केली नाही.
लादी नीट तापली की तिला एक वास सुटतो,
ओल्या मातीचा नव्हे, तहानलेल्या मातीचा.
तो मला ठाऊक.

दुपारच्या बसनं रत्नी आली,
गुरुशांतप्पा भावजी, सहना,
खांद्यावर झोपलेलं धाकटं.
पाटावर ओवाळून झालं, तबकात पाकीट पडलं,
मग परातीतून पिझ्झा आला.
गोल म्हणवत नव्हता,
मलप्रभेसारखा एका अंगाला वळलेला.

आता कापायचा कुणी?
गोल वस्तूची वाटणी म्हटली
की आमच्या मुलखात मोठी माणसं जरा जपून बोलतात.
भावजींनी माझ्याकडे बघितलं, मी परातीकडे.
"ना कोय्तीनी," म्हणत सहनानं सुरी उचलली.
आठ तुकडे, एकासारखा एक नाही.
सगळ्यात मोठा बापाला.
बापानं तो मोडून अर्धा माझ्या ताटात ठेवला.

मास्तर माणूस, शब्द तोलून वापरणारा.
चावला, थांबला.
"भाळ छलो आगेती."
मी म्हटलं, खालून थोडं करपलंय.
"करपलेलंच छलो," म्हणाला,
अर्धं माझ्या भाषेत, अर्धं त्याच्या.

रत्नी मात्र खात नव्हती.
तुकडा उलटा धरून उजेडात बघत होती.
गडबडीत मी लादी पालथी मांडली होती,
तिच्या पाठीवरचा छाप पिठावर उमटला होता,
काळ्या रेषांत, उलटा:
कारखान्याचं अर्धं नाव.
त्याच नावाच्या फाटकातून
परकर सावरत ती आप्पांचा डबा घेऊन यायची,
भट्टीची धग लागून तोंड लाल, तरी हटायची नाही.

काही बोलली नाही.
तुकडा सुलटा केला,
कडेपासून खायला लागली,
अक्षरांचा कोपरा शेवटाला राखून.